शिकलेले बरोबर नेता येते का?

दरवर्षी जून-जुलै महिन्यांत महाविद्यालयाच्या कार्यालयापुढे प्रवेशाची मोठी रांग लागते, आणि तिच्या कडेला आणखी एक लहानशी रांग असते. या दुसऱ्या रांगेतल्या मुलामुलींना पहिल्या वर्षात प्रवेश नको असतो. त्यांचे एक वर्ष, क्वचित दोन वर्षे, दुसऱ्या विद्यापीठात पार पडलेली असतात. कोणाच्या वडिलांची बदली झालेली असते, कोणी लग्न होऊन या गावी आलेली असते, कोणाला वसतिगृहाचा खर्च झेपेनासा झालेला असतो, तर कोणाला आपण चुकीचा विषय घेतला हे वर्षभराने उमगलेले असते. 'आमचे झालेले वर्ष धरणार ना?' एवढाच त्यांचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर खिडकीतून बहुधा 'अर्ज ठेवून जा, समितीपुढे जाईल' असे मिळते.

ही समिती नेमके काय तपासते? विद्यार्थ्याने शिकलेले तिथून इथे आणायचे, तर ते मोजायचे कशाने? आपण शिक्षक असल्यामुळे हा प्रश्न आज ना उद्या आपल्यापुढे येतोच. कधी समितीचे सदस्य म्हणून, पण बहुतेक वेळा सल्ला मागायला आलेल्या माजी विद्यार्थ्याच्या रूपाने.

कागदांची बाजू

कागदांची बाजू सरळ आहे, म्हणून ती आधी उरकू. जुन्या महाविद्यालयाचा सोडल्याचा दाखला, जुन्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र म्हणजेच मायग्रेशन, सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, आणि नव्या विद्यापीठाकडून मिळवायचे पात्रता प्रमाणपत्र ही नेहमीची यादी. यातल्या स्थलांतर प्रमाणपत्रामागे इतिहास आहे. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली. विद्यापीठाने परीक्षा घ्यावी व पदवी द्यावी, शिकवण्याचे काम संलग्न महाविद्यालयांनी करावे, अशी ती व्यवस्था. त्यामुळे विद्यार्थ्याची नोंद महाविद्यालयाकडे वेगळी आणि विद्यापीठाकडे वेगळी झाली, आणि सोडतानाही दोघांचा वेगवेगळा निरोप घेणे आले. सत्रभर वर्गात हजर राहणे याला 'टर्म भरणे' म्हणू लागले. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी रोज असलेल्या 'एटीकेटी' या शब्दातला 'टी' हा त्याच टर्मचा आहे. पुढच्या टर्म भरण्यास परवानगी, एवढाच त्याचा मूळ अर्थ.

या व्यवस्थेत वर्ष हे अखंड गाठोडे होते. वर्षाच्या शेवटी एक परीक्षा, ती उत्तीर्ण झाला तर संपूर्ण वर्ष झाले, नाहीतर काहीच नाही. असे गाठोडे दुसऱ्या विद्यापीठात नेले तर तिथले लोक ते एक तर जसेच्या तसे घेणार किंवा नाकारणार. अर्धे घेण्याची सोय नव्हती. ती सोय व्हायची तर गाठोडे सोडून त्याचे सुटे भाग करायला हवेत आणि प्रत्येक भागाला माप हवे. आज 'श्रेयांक' किंवा 'क्रेडिट' म्हणतात ते हेच माप.

मापाचा जन्म निवृत्तिवेतनातून

हे माप कसे जन्मले ही गोष्ट मौजेची आहे. अमेरिकेतले पोलाद-उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ साली एक कोटी डॉलर देऊन एक प्रतिष्ठान स्थापन केले. महाविद्यालयीन प्राध्यापकांना निवृत्तिवेतन देणे हा त्याचा हेतू. पण 'महाविद्यालय' म्हणायचे कशाला? त्या काळी तिथे शाळा आणि महाविद्यालय यांच्यातली सीमा अस्पष्ट होती. प्रतिष्ठानचे प्रमुख होते हेन्री प्रिचेट, पेशाने खगोलशास्त्रज्ञ. त्यांच्या प्रतिष्ठानने नियम केला की, जी संस्था प्रवेशासाठी शालेय शिक्षणाची किमान १४ 'एकके' मागते तीच निवृत्तिवेतनास पात्र. आणि एकक म्हणजे एका विषयाचे वर्षभरातले सुमारे १२० तास. प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनाच्या ओढीने संस्थांनी हे माप भराभर स्वीकारले.

पुढे १९१० साली याच प्रतिष्ठानने मॉरिस कुक या यांत्रिकी अभियंत्याकडून विद्यापीठांच्या कारभाराचा अहवाल करून घेतला. कारखान्यातल्या कामाचे घड्याळ लावून मोजमाप करणाऱ्या फ्रेडरिक टेलर यांचे हे अनुयायी. त्यांनी पाहणीसाठी निवडले ते भौतिकशास्त्राचे विभाग, आणि मोजमापासाठी सुचवले 'विद्यार्थी-तास', म्हणजे एका विद्यार्थ्याला दिलेला व्याख्यानाचा वा प्रयोगशाळेचा एक तास. कारखान्यात यंत्र किती तास चालले ते मोजतात, तसे.

शास्त्राच्या शिक्षकाला इथे थोडे अडखळायला व्हावे. आपण वर्गात उष्णता आणि तापमान यांतला फरक कानीकपाळी ओरडून सांगतो. पाण्याच्या भांड्याखाली शेगडी किती वेळ चालू होती हे कळले, म्हणून पाणी किती तापले हे कळत नाही. त्यासाठी पाणी किती होते, भांडे कशाचे होते, झाकण होते की नव्हते, हेही लागते. श्रेयांक हे शेगडी किती वेळ चालू होती त्याचे माप आहे. पाणी किती तापले हे गुणपत्रिका सांगू पाहते, तेही पुरते सांगत नाही. तरीही वेळेचे माप शंभराहून अधिक वर्षे टिकले, कारण ते सोपे आहे आणि त्यावर दोन अनोळखी संस्थांचे एकमत होऊ शकते. मोजमापाच्या शास्त्रात हा गुण लहान नव्हे.

एक वर्ष म्हणजे किती?

आता वेगवेगळ्या देशांतले आकडे पाहू. अमेरिकेत सत्रपद्धतीत वर्षाला सुमारे ३० श्रेयांक होतात; युरोपात ६०; आपल्याकडे नव्या धोरणाप्रमाणे किमान ४०, आणि महाराष्ट्रातील विद्यापीठांत बहुधा सत्राला २२ म्हणजे वर्षाला ४४. वर्ष समान धरले तर हिशोब चुटकीसरशी होतो. आपले ४० बरोबर त्यांचे ३० बरोबर युरोपचे ६०.

पण श्रेयांकाच्या व्याख्येत शिरले की दुसरेच उत्तर येते. आपल्या २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एक श्रेयांक म्हणजे एकूण ३० तासांचे शिकणे; वर्गातले आणि वर्गाबाहेरचे मिळून. वर्षाचे ४० म्हणजे १२०० तास. अमेरिकेत एक श्रेयांक म्हणजे आठवड्याला एक तास वर्ग आणि त्यासाठी दोन तास घरचा अभ्यास, असे साधारण १५ आठवडे, म्हणजे ४५ तास. ३० श्रेयांकांचे होतात १३५० तास. युरोपात एक श्रेयांक २५ ते ३० तासांचा, म्हणून वर्ष १५०० ते १८०० तासांचे. तासांनी भागले तर आपल्या ४० श्रेयांकांचे अमेरिकेत ३० ऐवजी २७ च्या आतबाहेर होतात. महाराष्ट्रातले ४४ घेतले तर १३२० तास, म्हणजे २९ हून थोडे अधिक. विद्यार्थ्याने तेवढाच अभ्यास केला आहे. फरक फक्त आपण 'वर्ष' स्थिर धरतो की 'तास' यात आहे. परदेशी मूल्यमापनाचा कागद हाती आल्यावर 'माझे श्रेयांक कापले' अशी तक्रार कोणी केली, तर आधी हा भागाकार करून पाहावा.

अमेरिकेतच काही विद्यापीठे वर्षाचे तीन तिमाही भाग करतात. तिथला एक तिमाही श्रेयांक सत्राच्या दोन-तृतीयांश असतो. म्हणून ९० तिमाही श्रेयांक म्हणजे ६० सत्र-श्रेयांक. हे रूपांतर मात्र फूट आणि मीटर यांच्याइतकेच निर्धोक आहे.

आकडा जुळला, विषय निसटला

मापाची एवढी चर्चा केली, पण समितीत वाद होतात ते बहुधा आकड्यांवरून नव्हे. खरी अडचण पुढच्यासारखी असते.

समजा, 'क' विद्यापीठात बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या पहिल्या सत्रात यामिकी आणि दुसऱ्या सत्रात विद्युत्-चुंबकत्व शिकवतात. 'ख' विद्यापीठात आधी विद्युत्-चुंबकत्व आणि मग यामिकी. दोन्हीकडे दोन्ही विषयांना चार-चार श्रेयांक. पहिल्या सत्रानंतर एक विद्यार्थिनी 'ख' मधून 'क' मध्ये आली. तिचे श्रेयांक अचूक जुळतात. पण ती दुसऱ्या सत्रात विद्युत्-चुंबकत्व पुन्हा शिकेल आणि यामिकी कधीच शिकणार नाही. तिसऱ्या सत्रात दोलने आणि तरंग सुरू झाले की सरल आवर्त गतीचे समीकरण तिला आकाशातून पडल्यासारखे वाटेल. गुणपत्रिकेवर कुठेही उणे दिसणार नाही.

याचे कारण असे की विज्ञानातले विषय सुट्या नाण्यांसारखे नसून जिन्याच्या पायऱ्यांसारखे असतात. दहा नाण्यांतली कोणतीही सहा दिली तरी सहाच रुपये होतात. दहा पायऱ्यांतल्या कोणत्याही सहा ठेवून जिना चढता येत नाही. म्हणून प्रवेशाच्या अटींत नेहमी दोन वेगळे प्रश्न गुंतलेले असतात: किती शिकला, आणि काय शिकला. पहिल्याचे उत्तर आकड्यात मिळते. दुसऱ्यासाठी अभ्यासक्रमाची प्रत उघडून घटकवार ताडून पाहावी लागते, आणि ते काम त्या विषयाच्या शिक्षकालाच करावे लागते. कार्यालयातल्या कारकुनाने ते केले, की नावावरून विषय जुळवले जातात. 'गणित-२' बरोबर 'गणित-२'! एकात अवकल समीकरणे असतात, दुसऱ्यात रेषीय बीजगणित.

कॅलिफोर्नियाचा दाखला

हे ताडून पाहण्याचे काम विद्यार्थी आल्यानंतर करायचे की येण्याआधी? कॅलिफोर्निया राज्याने याचे उत्तर बऱ्याच पद्धतशीरपणे दिले आहे. १९६० साली तिथे उच्च शिक्षणाची बृहद्योजना झाली. क्लार्क केर हे तिचे प्रमुख शिल्पकार. शाळा सोडणाऱ्यांपैकी वरच्या आठव्या हिश्श्याला कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एक-तृतीयांशाला राज्य महाविद्यालये, आणि बाकी कोणालाही दोन वर्षांची सामुदायिक महाविद्यालये. एवढेच असते तर ती सरळ चाळण ठरली असती. पण सामुदायिक महाविद्यालयात दोन वर्षे नीट केलेल्याला विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाचे दार उघडे, अशी तरतूद त्यात होती. त्यासाठी विद्यापीठाने खालच्या दोन वर्षांत विद्यार्थी मुद्दाम कमी आणि वरच्या दोन वर्षांत जास्त ठेवायचे, साधारण ४० आणि ६० या प्रमाणात. जागा मोकळी ठेवली नाही, तर पात्रतेचा उपयोग काय?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या किमान अटी अशा: ६० सत्र-श्रेयांक पूर्ण, चार पैकी किमान २.४ सरासरी, राज्याबाहेरून आलेल्याला २.८, आणि सात ठराविक विषय. त्यांत इंग्रजी लेखनाचे दोन, गणिताचा एक, आणि कला, सामाजिक शास्त्रे, भौतिक व जीवशास्त्रे यांपैकी किमान दोन गटांतून मिळून चार. या झाल्या अर्जाच्या अटी; अभियांत्रिकी वा जीवशास्त्र हवे असेल तर त्या विभागाच्या वेगळ्या पूर्वतयारीच्या अटी, आणि चुरशीच्या विभागांत २.४ ला कोणी विचारत नाही. सामुदायिक महाविद्यालयातले जास्तीत जास्त ७० श्रेयांक धरले जातात, कारण पदवीचा पुढचा भाग विद्यापीठातच व्हावा.

मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट निराळीच आहे. कोणत्या सामुदायिक महाविद्यालयातला कोणता विषय विद्यापीठातल्या कोणत्या विषयाच्या बरोबरीचा, याचे करार दोन्हीकडच्या शिक्षकांनी आधी करून ठेवलेले असतात आणि ते कोणालाही पाहता येतात. अठरा वर्षांच्या मुलाला पहिल्याच सत्रात कळते की हा विषय घेतला तर पुढे धरला जाईल. काही शाखांत, ठरलेल्या अटी पुऱ्या केल्यास प्रवेशाची लेखी हमीही सहा विद्यापीठ-परिसरांत मिळते. बर्कली आणि लॉस एंजेलिस त्या सहांत नाहीत, हेही सांगायला हवे.

अमेरिकेत सगळीकडे असेच आहे असे मात्र समजू नये. तिथल्या शासकीय लेखा-कार्यालयाने २०१७ साली दिलेल्या अहवालात, २००४ ते २००९ या काळात संस्था बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक वाया गेले असा अंदाज आहे. शंभर वर्षांचे माप, आणि हाती निम्म्याहून थोडे अधिक!

युरोपने आणखी एक दिशा दाखवली. १९९७ च्या लिस्बन करारात असे तत्त्व मान्य झाले की, 'मोठा फरक' दाखवता आला नाही तर दुसऱ्या देशातले शिक्षण मान्य करायचे. आणि फरक आहे हे सिद्ध करण्याचा भार विद्यार्थ्यावर नसून नाकारणाऱ्या संस्थेवर. आपल्या समित्यांत बहुधा उलटे चालते. 'आमच्यासारखेच शिकलास हे दाखव' असे आपण म्हणतो.

आपल्याकडची श्रेयांक-पेढी

विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक-पेढीची नियमावली काढली. विद्यार्थ्याचे खाते उघडायचे, त्यात संस्थेनेच श्रेयांक जमा करायचे. विद्यार्थ्याने स्वतः आणलेला कागद तिथे चालत नाही. जमा श्रेयांक साधारणपणे सात वर्षे ग्राह्य. आणि जी संस्था पदवी देणार, तिच्याकडून किमान ५० टक्के श्रेयांक मिळवलेले असले पाहिजेत.

या शेवटच्या अटीचे गणित फार थोडे जण करून पाहतात. तीन वर्षांच्या पदवीत सहा सत्रे. दोन वर्षे झाल्यावर संस्था बदलली, तर दोन-तृतीयांश श्रेयांक हाती आहेत. पण नवी संस्था जास्तीत जास्त अर्धे धरू शकते. दोन-तृतीयांशातून अर्धा वजा केला तर उरतो एक-षष्ठांश, म्हणजे नेमके एक सत्र. एकूण १२० असोत वा १३२, इतर सगळे जुळले तरी एक सत्र जास्त करावेच लागणार. तोच विद्यार्थी चार वर्षांच्या ऑनर्स पदवीकडे गेला, तर दोन वर्षे म्हणजे बरोबर अर्धे, आणि काहीच वाया जात नाही. तीन वर्षांची पदवी हवी असेल तर तिसऱ्या सत्राच्या अखेरीपर्यंत संस्था बदलणे हिताचे. दुसरे वर्ष संपवूनच जा, असे आपण सवयीने सांगतो. तो सल्ला आता तपासून घ्यायला हवा.

'पेढी' या शब्दाने एक गैरसमजही होतो. पेढीत पैसे असले तर कोणताही दुकानदार ते नाकारत नाही. इथे श्रेयांक खात्यात असणे आणि ते नव्या संस्थेने आपल्या अभ्यासक्रमात धरणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शिवाय वर्गात जागा रिकामी हवी. कॅलिफोर्नियाने ४० आणि ६० चे प्रमाण ठेवले, तसे काही आपल्याकडे सामान्य पदवीला नाही. कोणी गळले तरच जागा होते.

मधे खंड पडलेल्यांसाठी मात्र ही तरतूद मोठी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे उदाहरण इथे आठवते. १९१६ साली त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव दाखल केले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवलेली होती. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठवून ते १९२० मध्ये पुन्हा गेले, १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. ती परवानगी एका व्यक्तीने मागून मिळवलेली होती. सात वर्षांचा नियम तीच गोष्ट, मागायला न लावता, सर्वांना देऊ पाहतो.

अभियांत्रिकीची बाजूची वाट

महाराष्ट्रात हजारो मुले ज्या वाटेने जातात ती म्हणजे दहावीनंतर तीन वर्षांची पदविका आणि मग अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. इथे वर्ष धरण्याविषयी वाद नाही. नियमानेच पहिले वर्ष माफ. किमान गुण ४५ टक्के, राखीव प्रवर्गासाठी ४०. बारावीला गणित असलेल्या बी.एस्सी. पदवीधरालाही ही वाट खुली आहे. त्याला पहिल्या वर्षाचे आलेखन आणि अभियांत्रिकी यामिकी हे विषय दुसऱ्या वर्षाबरोबर उत्तीर्ण व्हावे लागतात. या दोन गटांच्या उणिवा एकमेकांच्या उलट असतात. पदविकेच्या मुलाने लेथवर हात चालवलेला असतो, आलेखन त्याच्या बोटांत असते, पण समाकलन कच्चे. बी.एस्सी.च्या मुलीला फूरिए श्रेणी येते, पण वस्तूचा छेद काढता येत नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने गणित, भौतिकशास्त्र, आलेखन यांचे सेतू-अभ्यासक्रम घेण्यास सांगितले आहे ते यासाठीच. मात्र दोन्ही गटांना एकाच वर्गात बसवून एकच सेतू-अभ्यासक्रम घेण्याने निम्म्या वर्गाचा वेळ जातो.

गुणांचे रूपांतर

आता गुण. दहा-बिंदू श्रेणीतून टक्केवारी काढायची सूत्रे एक नाहीत. तंत्रशिक्षण परिषदेच्या कोष्टकात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०. म्हणजे श्रेणीतून ०.७५ वजा करून दहाने गुणायचे. सीबीएसईच्या दहावीच्या श्रेणीपद्धतीत ९.५ ने गुणत असत. काही ठिकाणी सरळ दहाने गुणतात. सरासरी ७.० असलेल्या विद्यार्थ्याचे अनुक्रमे ६२.५, ६६.५ आणि ७० टक्के होतात. ज्या परीक्षेची श्रेणी, तिच्या संस्थेचेच सूत्र लावायचे, आणि ते सूत्र गुणपत्रिकेच्या मागे छापलेले नसेल तर विद्यापीठाकडून लेखी घ्यायचे.

सल्ला मागायला आलेल्या विद्यार्थ्याला एवढे जरूर सांगावे. ज्या वर्षी शिकलात त्याच वर्षीचा अभ्यासक्रम, घटक व तासांसह, महाविद्यालयाचा शिक्का मारून घेऊन ठेवा. अभ्यासक्रम दर काही वर्षांनी बदलतो, आणि पाच वर्षांनी जुना मिळवताना नाकी नऊ येतात. प्रयोगवही रद्दीत घालू नका, किती प्रयोग केले याचा तोच पुरावा. श्रेयांक-पेढीतले खाते उघडून सत्रागणिक नोंद आली का ते पाहा. न आल्यास महाविद्यालय सोडण्याआधी परीक्षा विभागाच्या मागे लागा, कारण गेल्यावर तिथे तुमचे कोणी नसते. परदेशी जायचे असेल तर गुणपत्रिकांचे लखोटे विद्यापीठाने मोहोरबंद करून द्यावे लागतात किंवा थेट पाठवावे लागतात, त्यासाठी महिना-दोन महिने हाताशी ठेवा. आणि नव्या संस्थेत शुल्क भरण्याआधी, कोणते विषय धरले व कोणते नाहीत, याची यादी लेखी मागून घ्या.